रस्ता बांधणारे आणि रस्ता राखणारे

नव्या रस्त्याच्या उद्घाटनाला मांडव पडतो, हार येतात, भाषणे होतात. त्याच रस्त्याची मोरी उपसावयाची वेळ आली म्हणजे तेथे दोन मजूर आणि एक मुकादम यांच्यापलीकडे कोणी फिरकत नाही. ही गोष्ट इतकी नित्याची आहे की, तीत इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे काही असेल, अशी शंकाही येत नाही. तथापि गेल्या अडीचशे वर्षांतील रस्त्यांचा इतिहास चाळताना आम्हांस असे आढळले की, तो बराचसा याच भेदाचा इतिहास आहे. रस्ता बांधण्याचा निर्णय एकाच्या हाती आणि तो राखण्याचा बोजा दुसऱ्याच्या डोक्यावर, अशी वाटणी जेथे जेथे झाली तेथे तेथे रस्ता समाजाला महाग पडला. ही दोन्ही कामे जेथे एका हिशेबात आली तेथे थोड्या पैशांत चांगला रस्ता झाला. आजच्या व्याख्यानात एवढे एकच म्हणणे मांडावयाचे आहे.

प्रथम रस्ता म्हणजे काय, ते नीट पाहू. एका रस्त्यात निरनिराळ्या आयुष्यांच्या तीन वस्तू एकत्र नांदत असतात. पहिली त्याची आखणी. म्हणजे तो कोणत्या खिंडीतून जाणार, किती चढणार, किती वळणार. ही एकदा ठरली की शतकभर सहसा हलत नाही. दुसरे त्याचे शरीर. म्हणजे भराव, मोऱ्या, गटारे आणि पूल. यांचे आयुष्य पिढ्यांनी मोजावयाचे. तिसरी त्याची कातडी. म्हणजे वरची खडी, डांबर किंवा काँक्रीट. हिचे आयुष्य पाच-सात वर्षांपासून फार तर तीस-चाळीस वर्षांपर्यंत. उद्घाटनाला आलेला पाहुणा मोटारीतून जाताना फक्त कातडी पाहतो. रस्त्याचे मरण मात्र बहुधा शरीरातून येते. चाकाने रस्ता झिजतो हे खरे. पण भरावात पाणी मुरले की तोच रस्ता चाकाखाली खचतो. गटार तुंबले की डांबराला दोष देण्यात अर्थ नाही.

हे शहाणपण पहिल्याने हिशेबाच्या रूपात मांडले ते अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये. त्या देशातील मोठे रस्ते वेठीने बांधले आणि राखले जात. शेतकऱ्याने ठरलेले दिवस बैल आणि फावडे घेऊन फुकट राबावे, अशी ही पद्धत. दुरुस्ती वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात होई. मधले सहा महिने रस्ता वाऱ्यावर सोडलेला. म्हणून तो सहा महिने तग धरील इतका जाड करावा लागे. मध्यभागी दगडांचा थर सुमारे अठरा इंच असे. लिमोझ प्रांताचा कारभारी त्युर्गो याने १७६४ च्या सुमारास आपल्या प्रांतापुरती ही वेठ बंद केली आणि तिच्या जागी कर बसवून पगारी माणसांकडून काम घेण्यास आरंभ केला. त्याचा इंजिनियर त्रेझागे याने मग निराळाच विचार केला. रस्त्यावर बारमाही माणूस असेल, खड्डा पडताच तो भरला जाईल, तर जाडी कशाला हवी? त्याने थर अठरा इंचांवरून दहा इंचांवर आणला. खाली उभे दगड घट्ट बसवावयाचे, वर बारीक कठीण खडी पसरावयाची आणि पाणी वाहून जाईल असा उतार ठेवावयाचा. १७७५ साली त्याने ही पद्धत लिहून काढली.

या उदाहरणाचे मर्म दगडांच्या रचनेपेक्षा हिशेबात आहे. राखणीची हमी असेल तर बांधणीत बचत होते. राखणीची हमी नसेल तर बांधणीत उधळपट्टी करावी लागते, आणि तीही अखेर वाया जाते. त्युर्गो पुढे राजाचा अर्थमंत्री झाला. १७७६ साली त्याने साऱ्या फ्रान्समधील रस्त्यांची वेठ रद्द करणारे फर्मान काढले, आणि त्याच वर्षी दरबारी विरोधापुढे त्याला पद सोडावे लागले. वेठ परत आली. ती कायमची गेली राज्यक्रांतीबरोबर. पण रस्त्याचा एकेक तुकडा एकेका पगारी माणसाच्या स्वाधीन करण्याची रीत फ्रान्समध्ये रुजली. या माणसाला तिकडे ‘कांतोनिए’ म्हणत. आपल्याकडे बांधकाम खात्यात हाच माणूस ‘मैलकुली’ या नावाने ओळखला जाई. आपल्या मैलात पाणी कोठे साचते, कोणत्या झाडाची फांदी धोक्याची आहे, कोणती मोरी कोणत्या पावसात तुंबते, हे त्याला ठाऊक असे. आज तो रस्त्यावर क्वचितच दिसतो.

फ्रान्समध्ये राजसत्तेने जे केले ते इंग्लंडने व्यापारी मार्गाने करून पाहिले. तेथे १५५५ च्या कायद्यापासून रस्ता राखणे ही गावाची जबाबदारी होती. गावकरी आपल्या गाड्यांपुरता रस्ता राखीत. लंडनला जाणाऱ्या परक्याच्या अवजड गाडीसाठी त्यांनी का राबावे? मग नाके आले. १६६३ साली नाक्याचा पहिला कायदा झाला; पुढे ठिकठिकाणच्या विश्वस्त मंडळ्यांना कर्ज काढून रस्ता सुधारण्याचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडून पथकर घेण्याचा अधिकार मिळत गेला. १८३० च्या सुमारास अशा मंडळ्या हजारावर होत्या आणि वीस हजारांहून अधिक मैल रस्ता त्यांच्या ताब्यात होता.

याच काळात तेथे दोन स्कॉटिश माणसांचा वाद रंगला. टेलफर्ड हा सरकारी पैशाने लंडनपासून होलीहेडपर्यंतचा मार्ग सुधारीत होता. खाली हाताने रचलेल्या मोठ्या दगडांचा पाया, डोंगराळ वेल्समध्येही विसास एक याहून कडक चढ नाही, आणि १८२६ साली मेनाईच्या सामुद्रधुनीवर झुलता पूल. काम देखणे, भक्कम आणि महाग. मॅकॅडम हा १८१६ पासून ब्रिस्टलच्या नाका-मंडळीचा सर्व्हेअर होता. त्याच्या मंडळ्या कर्जबाजारी होत्या. तो म्हणे, भार दगड तोलत नाहीत, खालची जमीन तोलते. ती कोरडी ठेवा म्हणजे झाले. सहा औंसांहून जड नाही अशी फोडलेली खडी सारख्या थराने पसरा, पाणी आत शिरू देऊ नका, मोठ्या पायाची गरज नाही. त्याची पद्धत स्वस्त होती म्हणून ती जगभर गेली.

या वादात कोण जिंकला? आमच्या मते दोघेही बरोबर होते, कारण ते रस्त्याच्या निरनिराळ्या आयुष्यांविषयी बोलत होते. कातडीच्या बाबतीत मॅकॅडमचे म्हणणे खरे : जे झिजणारच आहे ते स्वस्त असावे आणि राखण्यास सोपे असावे. आखणीच्या बाबतीत टेलफर्डचे म्हणणे खरे : जे शतकभर बदलता येणार नाही तेथे काटकसर करू नये. वेल्सच्या डोंगरांत त्याने साधलेला तो सौम्य चढ दोनशे वर्षांनंतर मोटारींनाही पुरला.

परंतु नाका-मंडळ्यांचा अंत शिकवणारा आहे. त्यांनी भावी पथकराच्या भरवशावर कर्जे काढली होती. १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर आगगाडी सुरू झाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लांब पल्ल्याची वाहतूक रुळांवर गेली. नाक्यावरचे उत्पन्न आटले. कर्जाचे व्याज मात्र आटले नाही. व्याज भागविण्यासाठी राखणीला कात्री लागली. वेल्समध्ये १८३९ पासून चार वर्षे शेतकऱ्यांनी रात्री जाऊन नाके फोडले. शेवटची मंडळी १८९५ साली मिटली आणि रस्ते पुन्हा सार्वजनिक तिजोरीकडे आले. बांधताना धरलेला रहदारीचा अंदाज चुकला तर पहिला बळी राखणीचा जातो, हा त्या अनुभवाचा सारांश आहे.

आता आपल्याकडे वळू. पुण्याहून मुंबईस उतरणाऱ्या बोरघाटातून गाडी जाईल असा रस्ता १८३० साली गव्हर्नर माल्कम याच्या अमदानीत खुला झाला. तेहेतीस वर्षांनी, १८६३ साली, त्याच घाटातून आगगाडी धावू लागली. इंग्लंडात जे झाले तेच येथेही झाले : मोठी वाहतूक रुळांवर गेली आणि रस्त्यांकडे स्टेशनाला माल पोचविणाऱ्या वाटा म्हणून पाहिले जाऊ लागले. आपले खडीचे रस्ते मॅकॅडमच्या पद्धतीचे होते. त्यांवर चालणारा मुख्य गडी म्हणजे लोखंडी धावेची बैलगाडी. तिची अरुंद धाव खडी चिरडून चाकोरी पाडी. पुढे मोटार आली, तिच्या रबरी चाकांनी खडीला धरून ठेवणारी बारीक माती शोषून उडविण्यास सुरुवात केली. ही धुळीची तक्रार जगभर होती. तिच्याच विचारासाठी १९०८ साली पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय रस्ते परिषद भरली. आपल्या रस्त्याला लोखंड आणि रबर या दोघांचाही मार एकाच वेळी सोसावा लागला.

खर्च कोणी करावयाचा? १९१९ च्या सुधारणांनी रस्ते प्रांतांकडे गेले होते आणि प्रांतांनी त्यांतले पुष्कळसे स्थानिक मंडळांच्या गळ्यात बांधले होते. दूरची मोटार गावच्या पैशाने राखलेला रस्ता झिजवी. इंग्लंडातील गावकऱ्याचे जुने गाऱ्हाणेच येथे नव्याने उभे राहिले. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच हे जयकर. समितीने सांगितले की, रस्त्यांचा विकास स्थानिक मंडळांच्या ऐपतीबाहेर गेला आहे. मध्यवर्ती सरकारने भार उचलावा आणि जो रस्ता वापरतो त्याच्याकडून तो पेट्रोलवाटे वसूल करावा. त्याप्रमाणे १९२९ साली गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसला आणि वर्षअखेर बुडीत न जाणारा मध्यवर्ती रस्ते निधी निर्माण झाला. ‘बुडीत न जाणारा’ हे शब्द साधे दिसतात, पण ते फार मोलाचे आहेत. रस्ता मार्चअखेरीस संपत नाही. तेव्हा त्याचा पैसाही संपता कामा नये. २००० सालच्या कायद्याने हा निधी पुन्हा नीट बांधला गेला. २०१८ साली मात्र त्याच्या नावात आणि कामात इतर पायाभूत सुविधाही शिरल्या. राखणीचा पैसा वाटेकऱ्यांत कसा वाटला जातो त्याचे हे एक उदाहरण.

१९४३ साली नागपुरास चीफ इंजिनियरांची परिषद भरली आणि साऱ्या देशासाठी वीस वर्षांचा आराखडा तयार झाला. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्राममार्ग ही उतरंड तेथली. शंभर चौरस किलोमीटर मुलखामागे सोळा किलोमीटर रस्ता हे त्याचे माप. लांबीचे हे उद्दिष्ट १९६१ पर्यंत ओलांडले गेले, ही अभिमानाची गोष्ट होय. पण ओलांडली ती लांबी. अनेक रस्त्यांवर पूल नव्हते आणि पृष्ठभाग पक्का नव्हता. किलोमीटर मोजणे सोपे असते, म्हणून तेच मोजले जातात. टिकलेली वर्षे मोजण्याचा रकाना अहवालात सहसा नसतो.

अमेरिकेने हाच खेळ फार मोठ्या पटावर मांडला. १९५६ च्या कायद्याने एकेचाळीस हजार मैलांचे आंतरराज्य महामार्ग बांधावयाचे ठरले. खर्चाचा नव्वद टक्के वाटा संघराज्याचा, दहा टक्के घटकराज्याचा. राखणीचा खर्च मात्र सर्वस्वी घटकराज्याचा. आता राज्याच्या खजिनदाराच्या जागी बसून पाहा. दुरुस्तीवर खर्च केलेला डॉलर पुरा आपला. रस्ता मोडकळीस येऊ देऊन नवा बांधला तर त्यात आपली फक्त दहा सेंट. राखणीकडे दुर्लक्ष करावे, अशी जणू व्यवस्थाच झाली. हे महामार्ग १९७५ साली अपेक्षित असलेल्या रहदारीसाठी आखले होते. १९७५ आले, रस्ते थकले, आणि १९७६ साली काँग्रेसला कायदा बदलून पुनर्पृष्ठीकरणासाठी संघराज्याचा पैसा देणे भाग पडले. पेट्रोलवरचा संघराज्याचा कर १९९३ साली गॅलनमागे १८.४ सेंटवर आला आणि पुढील तीस वर्षांत वाढला नाही. २००८ पासून महामार्ग निधीत सामान्य तिजोरीतून भर घालावी लागली.

त्याच देशाने एक अमोल ज्ञानही जगाला दिले. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्त्यांची वर्तुळे बांधून त्यांवर दोन वर्षे मालमोटारी फिरविल्या आणि रस्ता कशाने मोडतो ते मोजले. निष्कर्ष असा की, आसावरचा भार वाढला की नुकसान साधारणपणे त्याच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, तर झीज सोळापट. खासगी मोटारींच्या गर्दीने रस्ता जवळजवळ झिजत नाही. तो झिजवतो जादा लादलेला ट्रक. आपल्याकडे २०१८ साली चार टायरांच्या एका आसावरील कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. वाढ दिसावयास तेरा टक्क्यांच्या आतली. चौथ्या घाताने पाहिले तर झीज सुमारे साठ टक्के अधिक. मालवाहतूक स्वस्त झाली असेल, पण त्या स्वस्ताईचा काही भाग जुन्या मापाने बांधलेल्या रस्त्यांच्या आयुष्यातून कापून घेतला गेला.

येथे एक प्रामाणिक अडचण सांगितली पाहिजे. दीर्घकाळचा खर्च मोजावा, असे म्हणणे सोपे आहे. तो मोजावा कसा? काल्पनिक आकडे घेऊ. काँक्रीटचा एक किलोमीटर दहा कोटींना पडतो आणि तीस वर्षे टिकतो. डांबराचा सहा कोटींना पडतो, पण दर पाच वर्षांनी दीड कोटीचा नवा थर मागतो. तीस वर्षांत असे पाच थर, म्हणजे साडेसात कोटी. साधी बेरीज साडेतेरा कोटी, काँक्रीट स्वस्त. पण उद्याचा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. दहा टक्के व्याजाने आजची किंमत काढली तर ते पाच थर सव्वादोन कोटींचे होतात आणि डांबराचा रस्ता सव्वाआठ कोटींत बसतो, डांबर स्वस्त. चार टक्क्यांनी काढली तर तोच सव्वादहा कोटींच्या वर जातो. पुन्हा काँक्रीट स्वस्त. दगड तोच, डांबर तेच, पाऊस तोच. बदलला तो फक्त व्याजाचा दर, म्हणजे पुढच्या पिढीच्या अडचणीला आपण दिलेली किंमत. हा आकडा इंजिनियराचा नव्हे. तो समाजाच्या नीतीचा आहे, आणि तो बंद दाराआड ठरू नये. शिवाय या हिशेबात दर पाच वर्षांनी थर खरोखरच पडेल असे गृहीत धरलेले आहे. तो दहा वर्षे पडला नाही तर पाणी शरीरात शिरते आणि सारी बेरीज व्यर्थ होते. राखणीची सवय नसलेल्या समाजाला काँक्रीट परवडते ते बहुधा याच कारणाने.

हिशेबाच्या वहीत न येणारे खर्च तर निराळेच. रुंदीकरणात गेलेले वडाचे झाड पुन्हा तेवढे होण्यास दोन पिढ्या लागतात. खडीसाठी फोडलेली टेकडी पुन्हा वाढत नाही. ओढ्याचे पाणी अडविणारा भराव शेजारच्या शेताला पाण्याखाली घालतो. आणि घाटात डोंगर उभा कापून रुंदी मिळवली की डोंगर आपला उतार परत मागतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्याने प्रवासाचा वेळ वाचविला आणि उद्योगाला गती दिली, हे निर्विवाद आहे. त्याच मार्गावर जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून माणसे दगावली, आणि मग डोंगरावर जाळ्या बसविण्याचा, सैल दगड काढण्याचा खर्च नव्याने करावा लागला. हा खर्च डोंगर कापला त्याच दिवशी जन्मास आला होता; त्याचे बिल पुढे आले एवढेच.

पुलांची कथा याहून करुण. अमेरिकेत ओहायो नदीवरचा १९२८ सालचा सिल्व्हर पूल १५ डिसेंबर १९६७ रोजी सायंकाळच्या गर्दीत कोसळला आणि ४६ माणसे गेली. त्यानंतर तेथे साऱ्या देशासाठी पूल-तपासणीचे नियम झाले. आपल्याकडे महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात वाहून गेला, त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या आणि त्यांतली माणसे गेली. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. बांधणाऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. आमच्या मनात मात्र एवढेच येते की, ही तत्परता, हा पैसा, हे कौशल्य आपल्यापाशी आहे. जुना पूल उभा असताना ते जागे होण्याची रीत तेवढी आपल्यापाशी नाही.

तरी निराश होण्याचे कारण नाही. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत एक साधा नियम आहे : ज्याने रस्ता बांधला त्यानेच तो पाच वर्षे राखावयाचा, आणि तो खर्च मूळ करारातच धरावयाचा. देशातील सर्वांत लहान रस्त्याला सर्वांत शहाणा नियम मिळाला. २०१६ पासून महामार्गांसाठी आलेल्या एका करारपद्धतीत कंत्राटदाराला बांधकामाच्या काळात चाळीस टक्केच रक्कम मिळते. उरलेली साठ टक्के, तो रस्ता राखीत असता, पंधरा वर्षांत मिळते. त्रेझागेचेच तत्त्व हे. दोष एवढाच की, पंधरा वर्षांच्या जबाबदारीतून पंधरा वर्षांचीच दृष्टी येते. मोरी आणि पूल यांची दृष्टी त्याहून लांबची हवी, आणि ती सार्वजनिक खात्यापाशीच असू शकते.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटरांचा, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याचे आज कौतुक होत आहे. त्याची परीक्षा साधारणपणे २०५५ साली होईल. तेव्हा त्याचे काँक्रीट म्हातारे झालेले असेल आणि आज त्याच्यावरून बापाच्या गाडीत बसून जाणारी मुले करदाते असतील. त्या मुलांच्या वतीने आज आपण तीन प्रश्न विचारावे, असे आम्हांस वाटते. प्रत्येक नव्या रस्त्याच्या वेळी विचारावे, सभेत विचारावे, वर्तमानपत्रात विचारावे. हा रस्ता कोण राखणार, आणि त्याचे नाव करारात आहे काय? राखणीचा पैसा कोठून येणार, आणि तो मार्चअखेरीस बुडणार तर नाही ना? रहदारीचा अंदाज चुकला तर कात्री प्रथम कशाला लागणार? या तिन्ही प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली तर रस्ता अवश्य बांधावा. मग तो महाग असला तरी चालेल. उत्तरे मिळाली नाहीत, तर त्याच पैशात जुन्या रस्त्यांच्या मोऱ्या उपसाव्या आणि पूल तपासून घ्यावे.